अक्कांचं ‘स्वल्प’

महादेवपुऱ्याच्या सिग्नलला रिक्षात अडकलो होतो, तेव्हा विमलअक्कांच्या भावाचा फोन आला. “अक्का गेली रे... पहाटे, झोपेतच.” त्याला आता दीड महिना झाला. आमच्या प्रयोगशाळेत त्यांना कुणी डॉक्टर म्हणत नसे. अख्ख्या इमारतीच्या त्या अक्का होत्या. घराणं तीन पिढ्या बंगळुरातलं, त्यामुळे मराठीत कन्नड कधी मिसळलं ते त्यांचं त्यांनाही कळत नसे. मी तेव्हा नागपूरहून नवा आलेला, सगळं येतं अशा थाटात वावरणारा. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी हवा काढली: “पुस्तक मिट, आधी बाटल्या नीट विसळायला शीक.”

अक्कांना पॉलिमरचे असे मणी बनवायचे होते, जे एकच रेणू ओळखतील. पॅलेडियमचे अतिसूक्ष्म कण रासायनिक क्रिया झटपट घडवतात, पण समोर येईल त्याच्यावर. आपला-परका त्यांना कळत नाही. अक्कांची युक्ती अशी, की हवा तो रेणू मिश्रणात ठेवूनच पॉलिमर घट्ट करायचा आणि मग रेणू धुऊन काढायचा. मागे त्याच्या मापाची पोकळी उरते. तोच रेणू पुन्हा आला तर तिथं नेमका बसतो, आणि पॅलेडियम शेजारीच असतं. आम्ही जुळ्या भावंडांसारखी दोन पिवळी रसायनं निवडली होती. मणी टाकल्यावर एकाचा रंग उडायला हवा, दुसरं पिवळंच राहायला हवं. पुढच्या महिन्यात निधी देणाऱ्या समितीला हे दाखवता आलं नाही, तर अक्कांचं सात वर्षांचं काम गुंडाळलं जाणार होतं. त्या निवृत्तीला आलेल्या. दुसरी संधी नव्हती.

मणी धुवायचं काम माझ्याकडे आलं. “स्वल्प धू, सरी?” थोडंसं धू, ठीक आहे ना, एवढं कन्नड मिसळून सांगून त्या गेल्या. मी दोनदा धुतले. प्रयोग सपशेल आपटला; दोन्ही बाटल्या सारख्याच रेंगाळत फिक्या झाल्या. अक्कांनी दोन्ही बाटल्या उजेडात धरून पाहिल्या आणि विचारलं, “किती धुतलंस?”

“दोनदा. तुम्हीच स्वल्प म्हणालात.”

डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या त्या. “अरे देवा! माझं स्वल्प म्हणजे तीन दिवस! पहिला पाहुणा पाटावरून उठलाच नाही, तर दुसरा बसणार कुठं?” खरं तर मला कळायला हवं होतं. ‘स्वल्प थांब’ म्हणून गेलेल्या अक्का दुपार उलटल्यावरच परतायच्या. तो शब्द त्या फक्त हुकूम मऊ करायला वापरत. मी शरमेनं अर्धा झालो.

तेच मणी आम्ही आळीपाळीनं तीन दिवस धुतले, धुवण नितळ येईपर्यंत. आणि समितीसमोर... एक बाटली बघता बघता पाण्यासारखी झाली, दुसरी पिवळीधमक! अक्कांनी पदर खोचला आणि सगळ्या मोठ्या लोकांसमोर चक्क शिट्टी मारली. इतका आनंद मला स्वतःच्या पदवीचाही झाला नव्हता.

गेल्या आठवड्यात कपाटात त्या मण्यांची कुपी सापडली. लेबलावर पेन्सिलीच्या अकरा रेघा. दर वापराला अक्कांनी एक मारलेली. मी दोन्ही पिवळी द्रावणं बनवली, मणी टाकले, आणि पहिल्यांदाच एकटा बघत उभा राहिलो. एक निवळलं. दुसरं जागचं हललं नाही. मग पेन्सिल घेऊन मी बारावी रेघ मारली.