लाटण्याच्या मापाचा अंगठा

आमची सून मयूरा मूळची डोंबिवलीची. हे आधीच सांगून टाकतो, कारण डोंबिवलीत बर्फ दोनच ठिकाणी सापडतो, मासेवालीच्या पाटीत आणि उसाच्या रसाच्या गाड्यावर. त्या गावची मुलगी चाळिशी ओलांडल्यावर पायाला दोन फळ्या बांधून बर्फाच्या डोंगरावरून घसरत खाली येते आणि वर पुन्हा हसते, हे आमच्या गावी फोनवर सांगितलं तेव्हा माझा धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, तिला कोणी ढकलतं का?"

ढकलत नाही कोणी. ढकलणारे असते तर परवडले असते. तिच्या वाट्याला आले ते सगळे धरून ठेवणारे.

ती इथे ऑस्ट्रेलियात, पॅरामॅटाच्या एका सरकारी कचेरीत पगार काढायचं काम करते. केलीव्हिलला आमचं घर. घरात माझा मुलगा यतिन, नात उर्वी, मी आणि माझी बायको पद्मा. पहिल्यांदा आम्ही सगळे जिंदाबाइनला बर्फ बघायला गेलो तेव्हा आपली माणसं जे करतात तेच केलं. एकेक गोळा मारला, चारी दिशांनी फोटो काढले, आणि गाडीत बसून थर्मासातला चहा आणि चिवडा. मयूरा मात्र डोंगराच्या पायथ्याशी उभीच. वरून एक पांढऱ्या केसांची बाई नागमोडी येत होती, जणू भाजी घेऊन घरी चाललीय.

"बाबा, ती बाई तुमच्या वयाची असेल."

"मग?"

"मग काही नाही."

बाई जेव्हा 'काही नाही' म्हणते तेव्हा पुरुषाने चपला शोधाव्यात. पुढच्या हिवाळ्यात ही शिकायला गेली. शेजारून पाच-पाच वर्षांची पोरं सुळकन पुढे जायची आणि ही बसलेली. उठायची, चार हात जायची, परत बसायची. दोन हिवाळे तिने हिरव्या पाटीच्या वाटेवर काढले. तिकडे वाटांना रंग असतात. हिरवी सोपी, निळी मधली, आणि काळी ज्यांना जीव जास्त झालाय त्यांची. यंदा पाडव्याला श्रीखंड वाढता वाढता तिने जाहीर केलं, "या वर्षी निळी. वरून खालपर्यंत, एकटीने."

आणि जुलैत, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, अंगठा गेला.

कुठे गेला? निळ्या वाटेवर नव्हे. हिरवी संपवून, डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या रांगेत उभी राहता राहता. उभ्या उभ्या पडली. हातातल्या काठीचा पट्टा मनगटात होता, काठी बर्फात रुतली आणि उजवा अंगठा मागे उलटला. शिकवणारे शंभरदा सांगतात, पडताना काठी सोडून द्या. पण आपल्याकडे लहानपणापासून शिकवण काय? पडलास तरी चालेल, हातातलं सांडू नकोस.

उर्वीने आईला उठवलं. "मम्, यू वर लिटरली स्टँडिंग स्टिल."

गाडीत यतिन म्हणाला, "झालं ना? आता पुढच्या वर्षी बघू."

मयूराने सुजलेला हात मांडीवर ठेवला. कूमा गाव गेलं, मागे मेंढ्यांची कुरणं गेली. मग म्हणाली, "पुढच्या वर्षी हा शब्द या गाडीत परत कोणी काढायचा नाही."

कोणी काढला नाही. मला कारण ठाऊक होतं. माहेरी पोहायला शिकायचं होतं, पुढच्या वर्षी. मग लग्न. इथे येऊन पुढचं शिकायचं होतं, पुढच्या वर्षी. मग उर्वी. तिच्या आयुष्यातली निम्मी कामं पुढच्या वर्षी नावाच्या गावाला जाऊन बसली होती, आणि त्या गावाला एसटी जात नाही.

डॉक्टरांनी तपासलं. हाड शाबूत, पण अंगठ्याच्या मुळाशी असतं ते लिगामेंट थोडं फाटलेलं. ऑपरेशन नको, पट्टा घालायचा. डॉक्टर हसून म्हणाले, स्की करणाऱ्यांना हे इतकं होतं की या दुखण्याला त्यांचंच नाव आहे, स्कीवाल्याचा अंगठा. झालं! बाई घरी आल्या त्या पदवी घेऊन आल्यासारख्या. "बाबा, मला स्कीवाल्याचा अंगठा झालाय! म्हणजे मी अधिकृत स्कीवाली." माझ्या आईने जन्मभर शाईत अंगठा बुडवून सह्या केल्या, तिच्या अंगठ्याला कोणी असं नाव दिलं नाही. अंगठेबहाद्दर म्हणाले तेवढंच.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं. आठ आठवड्यांनी पुन्हा दाखवा. सांधा घट्ट वाटला तर पट्ट्यासकट बर्फावर जाता येईल, मात्र काठीचा पट्टा मनगटात घालायचा नाही. मयूराने त्यातलं 'जाता येईल' ऐकलं आणि यतिनने 'वाटला तर'. एकाच डॉक्टरकडून नवरा-बायको दोन निरोप घेऊन आले.

हाताचा पट्टा करून देणारी एक बाई ब्लॅकटाउनला बसते. तिने फोनवर सांगितलं, येताना तुझी स्कीची काठी आण, काठी हातात धरवून त्यावरच पट्टा बेतते, म्हणजे पकड बरोबर बसेल. आता काठ्या भाड्याच्या, त्या तिकडेच परत केलेल्या. मयूराने घरभर नजर फिरवली. छत्रीची मूठ वाकडी. झाडूचा दांडा लांब. शेवटी पिशवीत टाकलं लाटणं.

मी सोबत गेलो होतो. ब्लॅकटाउनला जायचं म्हटलं की मी तयार असतो, तिथे गवार चांगली मिळते. त्या बाईने लाटणं उलटंसुलटं करून पाहिलं.

"व्हॉट्स धिस, लव्ह?"

"फॉर मेकिंग ब्रेड," मयूरा म्हणाली.

"नो वरीज." आणि गरम पाण्यात प्लॅस्टिकची चकती टाकली. ती पापडाच्या लाटीसारखी लुसलुशीत झाली, तशी मयूराच्या लाटणं धरलेल्या हाताभोवती गुंडाळली. थंड झाली आणि कडक. लाटणं काढलं तरी मूठ तशीच, लाटण्याच्या मापाची.

घरी आल्यावर पद्माने तो हात पाहिला, लाटणं पाहिलं, आणि लाटणं मुठीत सरकवून बघितलं. चपखल बसलं. तिचा चेहरा असा उजळला की विचारू नका.

"बघ गं! देवालाच काळजी. आता पोळ्यांचं अडणार नाही."

"आई, ही मूठ काठीसाठी केलीय."

"काठी कुठंय? दिसतंय ते लाटणंच."

"दिसू दे. पट्टा निघेपर्यंत या हातात लाटणं येणार नाही. आधी काठी येईल."

"म्हणजे पोरीने डोंगरावर जायचं आणि घराने उपाशी मरायचं?"

"घराला अजून आठ हात आहेत, आई."

मी माझे दोन्ही मागे लपवले. यतिनला लपवता आले नाहीत. त्याची पहिली पोळी ऑस्ट्रेलियाच्या नकाशासारखी झाली, आणि टास्मानिया तव्यावर वेगळा पडला. पद्मा दोन दिवस गाल फुगवून भात जेवली. तिसऱ्या दिवशी तिने मुलाच्या हातातून कणीक ओढून घेतली आणि म्हणाली, "पाणी किती घातलंस रे, भिंतीला लावायचंय का?" तिथून त्याचं शिक्षण सुरू झालं.

आता भिंतीवरून आठवलं. अंगठा बरा होईपर्यंत पाय आळसावू नयेत म्हणून मयूरा रोज संध्याकाळी एक प्रकार करायची. भिंतीला पाठ टेकवून, खाली खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखं बसायचं. मांड्या भाजून निघतात म्हणे. मोबाइलवर वेळ लावली तर तिची नजर सारखी आकड्यांवर. एक दिवस मला म्हणाली, "बाबा, तुम्ही गोष्ट सांगा. गोष्ट संपेपर्यंत मी उठणार नाही."

सत्तर वर्षं मी गोष्टी सांगतोय. ऐकता ऐकता लोक उठून गेलेत, झोपलेत, एकदा तर न्हाव्याने अर्धी दाढी ठेवून दुकान बंद केलंय. पहिल्यांदाच असा श्रोता मिळाला ज्याला उठायची बंदी.

मी आमच्या गावच्या नाना पैलवानाची गोष्ट काढली. जत्रेतली शेवटची कुस्ती नानाची ठरलेली, समोर सातारचा पैलवान, आणि आदल्या आठवड्यात विहिरीवर मोट ओढताना नानाचा अंगठा उलटला. उजवाच. आता नाना लढणार की नाही? पण जत्रा म्हटली की जत्रेतली जिलेबी आली, जिलेबीवाल्या मारवाड्याचा तुटका चष्मा आला, तो चष्मा ज्या माकडाने पळवला ते माकड आलं...

"बाबा, नाना," मयूरा दातओठ खात म्हणायची. पाय लटलट कापायचे.

"येतो, नानाकडे येतो. तर ते माकड—"

धप्प! बाई जमिनीवर.

"उद्या," मी म्हणायचो.

असं रोज. माकडानंतर पाटलाची घोडी आली, घोडीनंतर तमाशाचा फड. गोष्ट लांबत गेली तसे तिचे पाय टिकत गेले. शेवटी शेवटी मलाच तहान लागायची आणि ती भिंतीला चिकटलेली, "पुढे?" म्हणत. नानाचं काय झालं तिथवर मात्र मी गेलोच नाही.

डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं. सांधा घट्ट होता. सप्टेंबर सरत आलेला, ऑक्टोबरच्या लाँग वीकेंडला डोंगर बंद होणार, आणि बर्फ तर रोज पातळ होत चाललेला. यतिनने शेवटचं अडवून पाहिलं.

"अगं, पुन्हा पडलीस तर?"

"पडेनच. पडल्याशिवाय कोणी खाली आलंय का?"

"लोक काय म्हणतील?"

"ते सगळे मेंढरांसारखे खाली उभे असतील, यतिन. वर कोणी नसतंच म्हणायला."

मी मध्ये तोंड घातलं. "कुस्तीत पडणं वेगळं आणि पाठ टेकणं वेगळं."

"बाबा, तुम्ही गप्प बसा," दोघं एकदम म्हणाले. निदान त्या बाबतीत तरी एकमत झालं.

गेलो सगळे. पद्माही, दशम्यांचा डबा मांडीवर घेऊन. डोंगराखाली भाड्याची काठी हातात आली आणि घोटाळा कळला. लाटणं मध्ये जाड, काठीची मूठ बारीक. पट्ट्याच्या मुठीत काठी खुळखुळा झाली. मयूराचा चेहरा पडला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं. यतिन तोंड उघडणार होता. त्या तोंडात कोणते तीन शब्द होते ते मला दिसत होतं.

त्याच्याआधी पद्मा उठली. दशम्यांवर गुंडाळलेला कांगारूच्या चित्राचा टॉवेल सोडला, दातांनी कड तोडली, टर्रकन पट्टी फाडली. काठीच्या मुठीवर वेढे देत गेली, एकावर एक, कसून. मग काठी सुनेच्या हातात सरकवली, ओढून पाहिली.

"सैल हत्यार घेऊन जाऊ नये," एवढंच म्हणाली, आणि उघड्या दशम्यांवर झाकण लावून बसली.

मयूरा लिफ्टमध्ये बसून वर गेली. ठिपका झाली. मग ठिपकाही दिसेना.

दुपारचा बर्फ भिजवलेल्या साबुदाण्यासारखा झाला होता, जड आणि चिकट. उर्वी मागच्या लिफ्टने वर जाऊन लांबून बघत होती, तिने नंतर सांगितलं. निळ्या वाटेच्या वरच्या तोंडाशी आई बराच वेळ उभी राहिली. लोक बाजूने जात होते. मग निघाली. अर्ध्या वाटेवर, जिथे उतार एकदम तुटतो, तिथे तोल गेला. आम्हाला खालून इवलीशी आकृती लोळताना दिसली, आणि यतिनने माझा दंड इतका आवळला की दुसऱ्या दिवशी निळा पडला.

पण आकृतीपासून एक काडी वेगळी झाली आणि घसरत, उड्या मारत खाली येऊ लागली.

"सोडली!" मी ओरडलो. "काठी सोडली तिने!"

शेजारचा एक गोरा माणूस दचकला. काठी गेल्याचा एवढा आनंद झालेलं कुटुंब त्याने पाहिलं नसणार.

आकृती उठली. बर्फ झटकला. आणि एका काठीवर, डावीकडे एक वळण, उजवीकडे एक वळण, अशी हळूहळू, अगदी गोगलगाईच्या चालीने, पण कोणाच्या हाताला हात न लावता खालपर्यंत आली. आमच्यासमोर थांबली. टोपीत बर्फ, भुवयांवर बर्फ. पट्ट्यातला अंगठा जागच्या जागी.

यतिनने माझा दंड सोडला. पद्माने दशमी पुढे केली. मयूरा दशमी खात माझ्याकडे वळली.

"बाबा, वर उभी होते तेव्हा सारखा नाना आठवत होता. लढला नाही ना तो?"

मी गडबडलो. खरं सांगायचं तर नाना लढला नाही. घरचे म्हणाले पुढच्या वर्षी, आणि पुढच्या वर्षी दुष्काळ, जत्राच भरली नाही. त्यानंतर नाना पानाच्या टपरीवर बसून इतरांच्या कुस्त्या सांगायचा. मीही ऐकल्यात.

"तुला कसं कळलं?"

"लढला असता तर तुम्ही पहिल्याच दिवशी नसतं सांगितलं? माकडं कशाला नाचवली असती?"

असं म्हणून ती खो खो हसली. तेवढ्यात लाल जाकिटातला एक पोरगा तिची काठी घेऊन आला, कांगारूची पट्टी अजून तिच्यावर घट्ट. तिने ती मुठीत सरकवली आणि वर पाहिलं.

"चल, घरी जायला उशीर होईल," यतिन म्हणाला.

"लिफ्ट अजून चालू आहे," मयूरा म्हणाली, आणि तोंडातला दशमीचा घास संपायच्या आत रांगेत जाऊन उभी राहिली.