गॅलरीखाली उभे राहिलेले आप्पा

आप्पा साइटवर आले तेव्हा मी गॅलरीखाली वाकून टेकूची पाचर चाचपत होतो. अंगावर सिमेंटने ताठ झालेला शर्ट, हातात हातोडा. मान वर केली तर समोर इस्त्रीचा पांढरा सदरा आणि काखेत छत्री, खांद्याला पिशवी.

"चल," ते म्हणाले. "उद्या कॉलेजच्या ॲडमिशनचा शेवटचा दिवस. कपडे बदल, दुपारच्या एसटीने वैरागला जायचंय."

आप्पा म्हणजे माझे वडील, वैरागला प्राथमिक शिक्षक. आजोबाही शिक्षक. मी बारावी झालो, मार्क बेताचे, आणि सुट्टीपुरता म्हणून सोलापुरात रेवणअण्णांच्या हाताखाली सेंट्रिंगच्या कामाला लागलो. सुट्टी संपली, मी काही परतलो नाही. मला ते काम मनापासून आवडायला लागलं होतं, पण हे घरी सांगायची छाती नव्हती. आईने फोनवर आधीच बजावलं होतं, या वेळी ते तुला घेतल्याशिवाय यायचे नाहीत.

सेंट्रिंग म्हणजे काय ते सांगतो. स्लॅबचं काँक्रीट ओतलं की ते लगेच स्वतःचं वजन पेलत नाही. तोवर त्याला खालून प्लेटा आणि टेकूंचा आधार लागतो. टेकूच्या बुडाशी लाकडी पाचर ठोकलेली असते. काँक्रीट पक्कं झालं आणि इंजिनिअरने हो म्हटलं, की पाचर सैल करून टेकू काढायचे. लोकांना स्लॅब टाकायचा दिवस मोठा वाटतो. त्या दिवशी नारळ फुटतो, जेवण असतं. आमचा खरा पेपर मात्र टेकू काढायच्या दिवशी.

त्यात अण्णांचा एक कायदा होता. ज्यानं टेकू लावला त्यानंच काढायचा, तोही खाली उभं राहून. आजच्या सेफ्टीच्या नियमांत हे बसत नाही, मी माझ्या साइटवर कुणाला करू देत नाही. पण तेव्हा तसं होतं, आणि जुळे सोलापुरातल्या त्या बंगल्याची गॅलरी पहिल्यांदाच पूर्ण माझ्यावर सोपवलेली होती.

"आप्पा, एवढं काढतो, मग बोलू."

"बोलायचं काय त्यात?"

तेवढ्यात अण्णा आले. अक्कलकोटकडचे, निम्मे कानडी. "नमस्कार री, गुरुजी. बसा की सावलीला. पोराचं आज पैलंच काम हाय."

आप्पांनी वर बघितलं. "आणि हे पडलं तर?"

"पडलं तर त्येच्याच डोस्क्यावर पडंल की. म्हणून तर त्योच खाली हाय."

बापाला धीर द्यायची ही अण्णांची तऱ्हा. मला हसू आलं, आप्पांना नाही. त्यांनी छत्री भिंतीला टेकवली आणि वर्गातल्या आवाजात विचारलं, "सुरुवात कुठून करणार?"

"बाहेरच्या टोकाकडून. मग भिंतीकडं सरकायचं."

"का?"

हाताला माहीत होतं, तोंडाला नव्हतं. "अण्णा तसंच सांगतात."

"म्हणजे तुला येत नाही. पाठ आहे नुसतं." आप्पा म्हणाले. "समजावून सांग. पटलं तर मी एकटा परत जातो. नाही पटलं तर मुकाट्याने चलायचं."

अण्णांनी तोंड उघडलं, तसा आप्पांनी तळवा दाखवला. "तुम्ही नाही. त्यालाच सांगू द्या."

मी हातोडा खाली ठेवला. म्हणालो, "आप्पा, हात सरळ पुढं करा."

त्यांनी केला. मी त्यांची पिशवी त्यावर ठेवली, एक हात मनगटाखाली धरला, दुसरा कोपराखाली. "तुमचा खांदा म्हणजे भिंत. माझे हात म्हणजे टेकू. आता आधी मनगटाचा काढतो, मग कोपराचा. ओझं कुठं गेलं?"

"खांद्यात."

"गॅलरी तशीच भिंतीला धरून राहते. म्हणून तिच्यातली सळई वरच्या अंगाला असते, ताणून धरायला. आता उलटं करतो." दोन्ही हात पुन्हा लावले आणि कोपराखालचा आधी काढला, मनगटाचा तसाच ठेवला.

"कोपरात कळ आली," आप्पा म्हणाले.

"गॅलरीलाही तिथंच येते. ती मधोमध खालून तडकते, आणि खाली सळई नसते."

आप्पांनी हात तसाच धरून ठेवला, बराच वेळ. मग पिशवी खाली ठेवली. "'अण्णा सांगतात' याचे मार्क कापले. बाकी बरोबर." आणि ते सरळ चालत गॅलरीखाली माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

"अवो गुरुजी, तुमी भाईर व्हा!" अण्णा ओरडले.

"उत्तर बरोबर आहे म्हणालो ना मी? मग बाहेर कशाला उभा राहू?"

माझ्या डोक्याची मला कधी भीती वाटली नव्हती. त्यांच्या डोक्याची वाटली. टोकाची पाचर हळूहळू सैल केली. वर कटकन आवाज झाला आणि गॅलरी सूतभर खाली बसली. तेवढी ती बसतेच, पण आप्पांना ते कुठं माहीत? पांढऱ्या सदऱ्यावर रेती सांडली. त्यांनी माझा खांदा घट्ट धरला, पाय मात्र हलवला नाही. भिंतीजवळचा शेवटचा टेकू निघाला तेव्हा अण्णांनी "सिद्धरामा!" म्हणून सोलापूरच्या ग्रामदैवताला हात जोडले.

आप्पांनी आमच्यासोबत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली आणि दुपारच्या एसटीने एकटेच गेले. घरी पोचल्यावर आईला म्हणाले, "त्याची ॲडमिशन झाली."

आता आप्पा नाहीत, अण्णाही नाहीत. त्या गॅलरीत कपडे वाळत असतात. त्या बाजूला काम निघालं की मी गाडी हळू करतो, आणि दोघांची फार आठवण येते.

तुमच्या घराची गॅलरी मोकळी करायची असेल, तर कंत्राटदाराला एवढंच विचारा, "खाली उभा राहशील का?" त्याला खरंच उभं करू नका. पण उत्तर द्यायला त्याने फार वेळ लावला, तर टेकू अजून थोडे दिवस राहू द्या.