भिंतीला टेकलेलं बोट

चावीवाल्या आबांच्या तपासणीत मी घड्याळाकडे बघत राहिलो, आणि त्यांनी भिंतीला टेकवलेलं बोट मला दिसलं नाही.

लोणावळ्याच्या रेल्वे दवाखान्यात मी तेव्हा कंपाउंडर होतो. खांद्यावर हातोडा टाकून रोज घाटाच्या बाजूला चालत जायचं आणि रुळाच्या सैल चाव्या ठोकून घट्ट करायच्या, हे आबांचं काम. बाकीचे खडीतून चालत. आबा वहाणा हातात घेऊन रुळावरून चालत, देवळात जावं तसे.

सकाळी सिग्नलपासून निघायचं आणि पाय खाली न टेकता तारेचे किती खांब मागे पडतात ते बघायचं, हा त्यांचा नेम. "रूळ खोटं बोलत न्हाई," म्हणायचे. मीही एकदा चढलो. दुसऱ्याच पावलाला खडीत आपटलो आणि माझ्या गुडघ्याला माझ्याच हाताने आयोडीन लावलं. आबा म्हणाले, "कंपौंडर, तुमी आपलं बाटल्यांस्नी बुचं लावा."

एके दिवशी ते सहज बोलून गेले, "औंदा दोनच खांब व्हत्यात. पयलं धा व्हायचं."

"खांब लांब लांब रोवले असतील," मी म्हणालो आणि आपल्याच विनोदावर हसलो. आबा हसले नाहीत.

वय झालेल्या चावीवाल्यांची दरवर्षी तपासणी होई. डॉक्टर डोळे आणि छाती बघत. एका पायावर उभं करून वीस मोजायचं काम माझ्याकडे. डगमगला की बदली फाटकावर. आबांना त्याचीच धास्ती. "फाटकावर बसून काय म्हशी मोजू?"

माझ्या मनगटावर सासऱ्यांनी दिलेलं नवं घड्याळ होतं. वीस सेकंद मी काट्यावरून नजर हलवली नाही. "पास," म्हणालो, आणि वर आबांची पाठ थोपटली. त्या थापेने ते झोकांडले. मला वाटलं, आनंदाने.

दिवाळीच्या आधी घाटातल्या एका मोरीवर त्यांचा पाय रुळावरून सुटला. खाली ओढ्यात पडले, खुबा मोडला. ते पुन्हा उभे राहिले नाहीत. शिमगाही त्यांनी पाहिला नाही.

त्याआधी एकदा मी तुंगार्लीला त्यांच्या घरी गेलो होतो. आबा भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"त्या दिशी बोट टेकवलं व्हतं मी भिंतीला," ते म्हणाले. "तुमी बगताल म्हनून लय भ्यालतो." मग, "फाटक बरं व्हतं, कंपौंडर."

त्यांची बायको पायथ्याशी बसून त्यांच्या पायाला तेल चोळत होती. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "मावशी, मी तेव्हा घड्याळाकडे बघत होतो हो."

तिने मान वर केली नाही.

"मंजी तुमी घड्याळ पास केलंत."