खोक्यामागचा फासा

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, बापूपाशीही नाही — आणि बापू तर खेळाच्या टेबलाशी माझ्या शेजारीच बसायचा. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ऐकून तुम्ही म्हणाल, एका खेळाचं काय एवढं? म्हणा. मीही लई वर्षं तेच म्हणत आलोय.

खेळ मी पुण्याच्या होस्टेलवर शिकलो. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं मनानं एक माणूस उभा करायचा, त्याचं नाव आणि अंगची कला कागदावर लिहायची, आणि एकानं गोष्ट चालवायची. माणूस काही करायला गेला की वीस बाजूंचा फासा टाकायचा. बारा किंवा वर पडले की जमलं, खाली पडले की फसलं. शिक्षण संपवून नांदूरघाटजवळच्या आमच्या गावी परतलो, तेव्हा खेळाच्या पुस्तकाची झेरॉक्स आणि फासे घेऊन आलो. नोकरी तेवढी आणली नाही.

वडील गावच्या सहकारी दूध संस्थेचे चेअरमन. त्या साली दुष्काळ असा, की सगळं दूध सकाळी अर्ध्या तासात गोळा व्हायचं आणि संकलन केंद्राची खोली दिवसभर रिकामी. तिथं दुपारी आम्ही खेळायचो — माझा चुलतभाऊ बापू, दुधाची फॅट तपासणारा शकील, गौतम आणि मी. गोष्ट चालवणारा मी. दुसरं कोण असणार?

गौतम शाळेपासूनचा माझा दोस्त, राहायला बौद्धवाड्यात. त्यांच्या म्हशीचं दूध सगळ्या गावाच्या दुधाबरोबर एकाच कॅनमध्ये ओतलं जायचं, त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. मला तर मुळीच नाही — मी पुण्याला राहून आलेला. आपण असलं काही मानत नाही, असं मी चारचौघांत आवर्जून सांगायचो.

बापूनं लोहार घेतला, शकीलनं तिरंदाज. गौतमनं आचारी घेतला. कलांना वाटून द्यायचे सगळे गुण स्वयंपाकात ओतले, तलवार धरण्यापुरतेही ठेवले नाहीत. बापू त्याला हसला. पण गौतम खराखुरा रांधणारा होता, मामाबरोबर लग्नाकार्यात शंभर-दोनशे पानांचं करायचा. हे मला ऐकून माहीत. खेळातही तो नुसतं ‘स्वयंपाक करतो’ म्हणून मोकळा व्हायचा नाही. हुलग्याचं पीठ किती घट्ट मळायचं, शेंगोळे कसे वळायचे, लसूण कधी ठेचायचा, हंड्यात पाणी बोटभर उरलंय तर त्यात तिघांचं कसं भागवायचं — सगळं सांगायचा. शकीलच्या तोंडाला पाणी सुटायचं. माझ्याही सुटायचं, खोटं कशाला बोलू.

पुस्तकातला नियम साधा होता. कुठलीही कला असो, फासा टेबलावर, सगळ्यांसमोर. बापूचा लोहार पातं घडवायचा, तेव्हा तसाच पडायचा. आचाऱ्यासाठी मात्र मी नवा नियम काढला — जेवण कसं झालं ते चाखल्याशिवाय कळत नाही, तेव्हा हा फासा मी झाकून टाकणार. पटण्यासारखं होतं ना? तपासणीच्या बाटल्यांचं रिकामं खोकं मी समोर उभं केलेलं असायचं. त्यामागं फासा टाकायचो, बघायचो आणि सांगायचो. करपलं. खारट झालं. कच्चं राहिलं. चाखायची वेळ मी कधी येऊच दिली नाही. मग तिघांची माणसं आपापल्या पिशवीतली शिदोरी उघडून आपापलं खायची.

किती वेळा झालं असं? दर वेळा. फासा कधी चौदा दाखवायचा, कधी सतरा. मी स्वतःला सांगायचो, रोज पोटभर मिळालं तर खेळातली गंमत जाते. असं सांगितलं की बरं वाटायचं.

मग संस्थेनं माळावर चारा छावणी काढायचं ठरवलं. जनावरांबरोबर माणसंही तिथंच राहणार, त्यांच्यासाठी दोन्ही वेळचं रांधायला माणूस हवा होता. गौतमनं अर्ज दिला. हे काम मिळालं तर गावात राहता येईल, नाहीतर बायकोला घेऊन कोयत्यावर, ऊस तोडायला — असं त्यानं मला सांगितलं होतं. तिला सातवा महिना लागला होता.

वडलांनी मला अंगणात विचारलं, “त्या गौतमला खरंच जमतं का रे शंभर माणसाचं? तुझा दोस्त हाय, तूच सांग. जमत असंल तर त्यालाच घेऊ. बोलणाऱ्याचं मी बघतो.”

हे माझा बाप म्हणत होता, जुन्या वळणाचा, चौथी शिकलेला. आणि छावणीची देखरेख मला मिळणार होती — म्हणजे माझंही दोन्ही वेळचं जेवण तिथंच. मी म्हणालो, “न्हाई जमत, अण्णा. करपवतो.” तोंडात तयारच होतं.

आता सरळ सांगतो. मला त्याच्या हातचं खायचं नव्हतं. शाळेपासून त्यानं पुढं केलेल्या प्रत्येक डब्याला माझा उपास असायचा, नाहीतर पोट बिघडलेलं असायचं. कागदावरच्या माणसांनासुद्धा — जी जगात नाहीतच — मी त्याच्या हातचा घास घेऊ दिला नाही. शरम वाटते? वाटते. तेव्हा नव्हती वाटत.

काम दुसऱ्याला गेल्याचं कळलं, त्या दुपारी गौतम खेळायला आला. येईल असं वाटलं नव्हतं. बसला, कागद पुढं ओढला. आचाऱ्यानं शेंगोळे केले. मी खोक्यामागं फासा टाकला आणि म्हणालो, “करपले.” तेवढ्यात दारातून वावटळ आत शिरली आणि खोकं आडवं झालं.

“वीस हाय की बे,” शकील हसत म्हणाला. मग त्याचं हसू गेलं.

गौतमनं फाशाकडं बघितलं, मग माझ्याकडं. “चेअरमनलाबी हेच सांगितलंस का?”

मी काय म्हणालो असेन? म्हणालो, हा फासा जेवणाचा नव्हता, पावसाचा होता. खेळात पाऊस येतो का, ते बघत होतो.

“बरं,” गौतम म्हणाला. “माझा आचारी पातेलं उतरवतो. चूल विझवतो. आन एकटाच जेवतो.” कागदाची घडी करून खिशात घातली आणि गेला.

आठवड्यानं तो आणि त्याची बायको ऊसतोड टोळीच्या ट्रकमध्ये चढले. तिला वर घ्यायला दोघं जण लागले. मी केंद्राच्या दारात उभा होतो. तो बघायच्या आत मी आत गेलो. छावणीत नेमलेला माणूस रोज करपवायचा. मी ते निमूट खाल्लं.

गौतम आता मांजरसुंब्याला एका ढाब्यावर आचारी आहे. बीडला जाताना बापू तिथं गाडी थांबवतोच. ताटभर शेंगोळे खाऊन येतो, लई भारी म्हणतो, मलाही चल म्हणतो. मी गाडीत बसून राहतो. पोट बिघडलंय म्हणतो. परवाही तेच म्हणालो.