नवं कुलूप

ड्रायव्हरकाकांनी उभी हयात दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. निवृत्त झाल्यावर स्वतःची घेतली, जुनीच. पण तिला इतकं जपायचे की बायको म्हणायची, "म्हातारपणी मला सवत आणलीये."

हल्ली चावी अडकायची. दहादा खुडखुड केली की एकदा फिरायची. एका रविवारी मुलगा नवं इग्निशन लॉक घेऊन आला.

"बाबा, तुम्हीच बसवा. तुमच्या गाडीला परका हात नको ना?"

काका खुलले. दारातच काम मांडलं. आधी बॅटरीची वायर काढली, मग स्टिअरिंगखालचं कव्हर. बायको टॉर्च धरून उभी. काकांच्या डोळ्यांना कडेचं दिसेनासं झालं होतं, पण बोटं तयार होती. जुनी चावी अर्धी फिरवली, बारीक भोकात तार घालून आतली पिन दाबली, तसा लॉकचा गाभा अलगद बाहेर आला. नवा आत सरकवला. टक्! वायर जोडली, चावी फिरवली. गाडी एका दमात सुरू.

"बघितलंस? लोण्यासारखी फिरते!"

"वा!" मुलाने खिडकीतून हात घालून गाडी बंद केली आणि चावी काढून घेतली. दुसरी आधीच त्याच्या खिशात होती.

"अरे, एक मला दे की."

मुलगा खाली बघत म्हणाला, "डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला सांगितलंय, बाबा. शेजाऱ्यांचं फाटक पाडलंत. उद्या तिथे माणूस असेल."

"मग सरळ चावी मागायची होतीस!"

"मागितली होती. तुम्ही लपवून ठेवलीत."

ते खोटं नव्हतं. म्हणूनच जास्त झोंबलं.

"म्हणून माझ्याच हातांनी माझा गळा कापवलास?" काका बायकोकडे वळले. "तुला ठाऊक होतं?"

तिने टॉर्च विझवला. "मीच सुचवलं. तुमच्या जिवापुढे गाडी काय घेऊन बसलात?"

काका तेलकट हात पुसून घरात गेले.

पुढे मुलगा त्यांना त्याच गाडीतून दवाखान्यात न्यायचा, मायेनेच. काका मागे बसायचे.

"पुढे बसा की, रस्ता दिसेल," बायको म्हणाली.

"मला कुठे काय दिसतं?"

घरात मात्र त्यांनी पुन्हा कशाला हात लावला नाही. नळ गळो, खुर्चीचा पाय निखळो, काका जागचे हलायचे नाहीत. बायकोने पाना पुढे केला तरी म्हणायचे, "माणूस बोलवा."