भटजीच्या पायथ्याशी

दुकानात माणसं दोन कारणांनी येतात. काहींना थंडी वाजत असते, आणि काहींना काहीतरी सांगायचं असतं. पहिल्यांना मी ग्लोव्ह्ज विकतो, ते जातात. दुसरे काही घेत नाहीत, उलट स्वतःचाच माल माझ्याकडे टाकून जातात! बरं, हा माल कंपनीला परत पाठवता येत नाही, सेलमध्ये काढता येत नाही, आणि जागा तर अडवतोच. म्हटलं, एकदा सगळा बाहेर काढून मांडावा.

दुकान न्यू हॅम्पशायरमध्ये, एका डोंगराच्या पायथ्याशी. मी मूळचा बार्शीचा, घरचा कापडाचा धंदा, शिक्षण बेताचं. न्यू जर्सीत मेव्हण्याच्या ग्रोसरी स्टोअरमध्ये डाळी-तांदूळ विकले, मग हे स्कीच्या सामानाचं दुकान चालू स्थितीत मिळालं ते घेतलं. स्कीला मेण कसं लावायचं, कडांना धार कशी करायची, हे बघून बघून शिकलो. स्वतः स्की करता का, असं लोक विचारतात. एकदा दुकानाच्या पायरीवरून खाली आलो होतो. तेवढंच.

या डोंगरावर एक डाउनहिलचा, म्हणजे स्कीवरून सुसाट खाली उतरायच्या रेसचा, कोर्स आहे, नाव ‘द पार्सन’. म्हणजे चर्चचा पुरोहित. वर उभा राहिलेला प्रत्येक जण देवाचं नाव घेतो म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. आपली मंडळी त्याला सरळ ‘भटजी’ म्हणतात. रेसच्या सीझनमध्ये श्रूजबरीहून, जिथे आपली बरीच मराठी मंडळी राहतात, आलेली एखादी बाई दुकानात शिरता शिरता विचारते, “काय काका, भटजींनी आज किती जणांना झोपवलं?”

भटजीचा शेवटचा उतार म्हणजे ‘आमेन’. तो इतका उभा आहे, की वरून बघितलं तर खाली थेट माझ्या दुकानाचं छप्परच दिसतं. जाहिरातीला याहून चांगली जागा मिळणार नाही. पण त्या वेगात पाटी वाचतंय कोण!

* * *

या कोर्सचा सगळा इतिहास वॉल्टच्या डोक्यात. वॉल्ट रेसचा प्रमुख, वय झालंय, बोलणं हळू. रोज सकाळी माझा चहा पितो आणि “यात आलं जास्त झालं” म्हणत दुसरा कप मागतो.

तो सांगतो, पहिल्यांदा इथे रेस झाली तेव्हा फिनिश लाइन वगैरे काही नव्हती. पायथ्याला एक बार होता. जो आधी बारमध्ये शिरेल तो जिंकला, असं ठरलं. दोन लाकूडतोडे अगदी बरोबरीनं खाली आले. एक दारावर आदळला, दुसरा खिडकीतून काचेसकट आत गेला.

“मग? जिंकलं कोण?” मी विचारलं.

“खिडकीवाला. दारवाला बिचारा ढकलत बसला.”

“दार बंद होतं?”

“नुसतं लोटलेलं होतं. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘ओढा’ लिहिलं होतं!”

* * *

एकदा युरोपातला एक मोठा रेसर आला. टीव्हीवर दिसणारा, सह्या देणारा. रेसच्या आधी सगळे रेसर हळूहळू घसरत कोर्स बघून घेतात, तसा हाही बघायला गेला. आमेनच्या तोंडाशी उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. मग खाली आला आणि थेट माझ्या दुकानात.

मी सगळ्यात भारी गॉगल काढून काउंटरवर ठेवला. त्याने बघितलासुद्धा नाही. म्हणाला, “एअरपोर्टची बस कुठून सुटते?”

दुसऱ्या दिवशी रेस त्यानेच जिंकली! मी वॉल्टला म्हटलं, “बघा, माणूस घाबरतो, पण जिद्द असली की...”

वॉल्ट म्हणाला, “बर्फामुळे बस कॅन्सल झाली होती.”

* * *

आता धंद्याची एक गोष्ट. स्कीला कुठलं मेण लावलं, हे कुठलीच टीम कुणाला सांगत नाही. मेण लावणारे टेक्निशियन खोलीच्या खिडक्यांना पडदे लावून काम करतात. तर एकदा जिंकलेल्या टीमचा टेक्निशियन माझ्याकडे आला, इकडेतिकडे बघितलं, आणि हळूच विचारलं, “मेणबत्त्या आहेत? छोट्या, रंगीत?”

काउंटरखाली किरकोळ सामानात होत्या, त्या मी दिल्या. तो गेला. दाराशी उभ्या असलेल्या दोघांनी हे बघितलं.

मग काय रीघ लागली म्हणता! वेगवेगळ्या टीमचे लोक, एकमेकांची नजर चुकवत, “सहज विचारतो, मेणबत्त्या...” संध्याकाळपर्यंत रंगीत संपल्या, पांढऱ्या संपल्या. एकाने तर दिवाळीची उरलेली, कमळाच्या आकाराची नेली!

दुसऱ्या दिवशी तो पहिला टेक्निशियन पुन्हा आला. मी विचारलं, “काय, चालल्या का मेणबत्त्या?”

“उत्तम! बायकोचा वाढदिवस होता. केक छान दिसला.”

* * *

या सगळ्यात आपली एक मुलगी आहे, सई. श्रूजबरीतच जन्मलेली, कॉलेजच्या वयाची. लहान असताना आईबाबांबरोबर रेस बघायला आली आणि बघतच राहिली. दोन वर्षं लागोपाठ भटजीवर उतरली आणि दोन्ही वर्षी आमेनवर पडली. फिनिश लाइन तिने फक्त स्ट्रेचरवरून बघितली होती.

यंदा कोचने सांगितलं, विभागाच्या टीममध्ये एक जागा आहे. “भटजी पूर्ण कर, जागा तुझी.” आणि तिच्या बाबाने सांगितलं, “या वेळी पूर्ण झाला नाही, तर स्की गॅरेजमध्ये. कायमच्या.” सईने दोघांनाही ओके म्हटलं. माझ्याकडे येऊन मात्र म्हणाली, “काका, गॅरेजमध्ये जागाच नाहीये. बाबाची ट्रेडमिल आहे तिथे. ही नेव्हर यूजेस इट!”

* * *

हा बाबा म्हणजे मिलिंद. पुण्याचा, आयटीत. मुलगी वर असताना खाली हातावर हात ठेवून बसवेना, म्हणून त्याने व्हॉलंटियरमध्ये नाव दिलं. वॉल्टने त्याला एका गेटपाशी उभं केलं. काम सोपं. रेसर दोन खांबांच्या मधून गेला की नाही, एवढंच बघायचं.

ट्रेनिंग रन सुरू झाल्या. पहिला रेसर बंदुकीच्या गोळीसारखा आला, आणि मिलिंद जीव तोडून ओरडला, “स्लो डाउन! स्लो डाउन!”

वॉल्टला वाटलं, काहीतरी अपघात झाला. रेडिओवर विचारलं, “काय झालं?”

“काही नाही, फार फास्ट येतायत सगळे!”

“मिलिंद, ही रेस आहे.”

“हो, माहितीये. पण इथे वळण आहे!”

दुपारनंतर वॉल्टने त्याला पार्किंगला पाठवला. तिथे तो फार समाधानात होता. तिथे सगळे त्याचं ऐकत होते.

* * *

यंदा सईची आजी आली, नागपूरहून. आईची आई. काठापदराचं लुगडं, त्यावर जावयाचं जाकीट, कानाला मफलर. चेअरलिफ्टकडे बराच वेळ बघत उभी राहिली. मग वॉल्टकडे बोट दाखवून मला म्हणाली, “भाऊ, यांना विचारा. वर जायला मशीन हाये ना?”

“आहे.”

“मंग खाली यायला काहून नाही?”

मी वॉल्टला इंग्रजीत सांगितलं. वॉल्टने वर जाणाऱ्या खुर्च्यांकडे बघितलं. मग म्हणाला, “इतकी वर्षं इथे आहे. हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.”

“म्हणजे यांना बी माहीत नाही,” आजी म्हणाली.

* * *

रेसच्या दिवशी सकाळी कोच धावत दुकानात आला, काखेत सईच्या स्की, तोंड लाल. मागून सई, तिच्यामागे आजी.

झालं होतं असं, की पहाटे आजीने स्कींची पूजा केली. दसऱ्याला आपण गाडीची करतो, मशीनची करतो, तशी. हळद, कुंकू, फूल मिळालं नाही म्हणून अक्षता. इथपर्यंत ठीक. पण आजीने नीट विचार केला, की बर्फाला टेकते ती खालची बाजू महत्त्वाची. आता हा विचार शंभर टक्के बरोबर होता! म्हणून तिने तळव्याला खोबरेल चोळलं. दोन्ही स्कींना, लेकराच्या पायाला चोळावं तसं. थंडीने ते गोठून पांढरं झालं होतं.

“रात्रभर मेण लावलं होतं मी!” कोच ओरडत होता. “या तेलाने स्की चिकटून बसेल! पोरगी स्लो होईल!”

आजीने मला विचारलं, “काय म्हणून राहिला हा?”

“आजी, म्हणतो तेलामुळे सई हळू येईल.”

आजीचा चेहरा उजळला. “मंग राहू द्या ना!”

सई म्हणाली, “आजी, प्लीज!” आणि मी मेणाची इस्त्री गरम करायला घेतली. खरवडलं, पुसलं, नवं मेण लावलं, घासलं. कोच डोक्यावर उभा. आजी समोरच्या स्टुलावर. स्की घेऊन कोच आणि सई बाहेर पडले तेव्हा आजी मला हळूच म्हणाली, “भाऊ, पडली तं माझ्या तेलानं पडली म्हणतील का?”

“तेलाचा थेंब राहिला नाही, आजी.”

“मंग तं तुमच्यावर येईन.”

मला पहिल्यांदाच जाणवलं, की खरंच येईल!

* * *

दुकानाला कुलूप लावून मी आजीला घेऊन फिनिशपाशी गेलो. मिलिंद पार्किंग सोडून आला होता. त्याला विचारलं, “गाड्यांकडे कोण बघतंय?” तर म्हणाला, “गाड्या उभ्याच आहेत काका, त्या कुठे जातायत!”

सईचं नाव पुकारलं. वरचं काही दिसत नाही, फक्त स्पीकरवर ऐकू येतं. मधली वळणं झाली. मग आमेनच्या तोंडाशी एक निळा ठिपका दिसला, आणि तो ठिपका खाली सुटला. मागे दोनदा जिथे पडली ती जागा आली. गेली! कोच नाचायला लागला. आता फक्त सरळ पट्टा, समोर लाइन.

आणि तिथे, अगदी लाइनच्या तोंडाशी, तिची एक स्की उडाली.

दुसरी लगेच सुटली. सई पाठीवर आपटली आणि तशीच, पाय पुढे करून, बर्फाचा धुरळा उडवत लाइनवरून पार गेली. शेवटी गादीच्या कुंपणात जाऊन रुतली. बोर्डावर वेळ लागली. पण पडलेल्याची वेळ धरतात का, कुणालाच माहीत नव्हतं. मिलिंद कुंपणाकडे धावला. आजीने माझा दंड घट्ट धरला होता.

वॉल्ट शांतपणे चालत गेला. सईने गॉगल वर केला, तोंडातलं बर्फ थुंकलं. “डिड आय फिनिश?”

“कुठे लागलंय का?” त्याने विचारलं.

“नो! वॉल्ट, डिड आय फिनिश?”

वॉल्टने वर बघितलं. तिची एक स्की लाइनच्या थोडी वर बर्फात अडकली होती. मग म्हणाला, “लाइनच्या तोंडाशी पडून शरीर पार गेलं, तर नियमाप्रमाणे चालतं. तू पोचलीस. तुझी एक स्की अजून रेसमध्ये आहे.”

आणि खरंच, ती वर अडकलेली स्की सुटून एकटीच आरामात घसरत आली आणि लाइन ओलांडून थांबली. मग जो गलका झाला! घंटा काय, शिट्ट्या काय! मिलिंद कुंपणावरून उडी मारायला गेला आणि त्यातच अडकला. कोचने अडकलेल्या मिलिंदलाच मिठी मारली.

सई लंगडत आजीपाशी आली. आजीने तिचे हात दाबून बघितले, पाय दाबून बघितले, गाल दाबून बघितले. सगळं जागच्या जागी आहे अशी खात्री झाल्यावर विचारलं, “झालं ना मंग? संपलं ना आता हे?”

“नो, आजी! आय मेड द टीम! आता एव्हरी वीक रेस. दर आठवड्याला!”

“दर आठवड्याला?”

“येस!”

आजीने डोंगराकडे एकदा बघितलं. मग माझ्याकडे वळली.

“भाऊ, दुकान उघडा. माझ्या मापाचे मोजे दाखवा. जाड पाह्यजेत.”