रफिकची न मळलेली जर्सी

रफिक गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीत घरी टीव्हीवर फुटबॉलची मॅच पाहत होतो. आवाज बंद केला, पण नजर पडद्यावरच राहिली... आणि लक्षात आलं, की मी बॉल नाही, बचावफळी पाहतोय. ते त्यानंच शिकवलेलं. दीड महिना झाला. खरं सांगतो, हा लेख लिहिताना मला लाज वाटतेय.

अकोल्यात त्याचं इस्त्रीचं दुकान होतं. तरुणपणी तो आमच्याकडचा सगळ्यात भरवशाचा डिफेंडर, आणि मी पेपरात स्थानिक खेळाच्या बातम्या देणारा अर्धवट शहाणा. एका सामन्याला बाहेरच्या व्यावसायिक क्लबची माणसं खेळाडू निवडायला आली होती. मैदान काळ्या मातीचं, त्यात नुसता चिखल. कोण किती खेळला हे आम्ही कपड्यांवरून ठरवायचो. जास्त मळला तो खरा गडी. रफिकची जर्सी जवळजवळ पांढरीच होती. मी निनावी बातमीत लिहिलं, ‘रफिक अंगाला माती न लावता परतला.’ यादी ठरवताना ते कात्रण पुढ्यात होतं आणि त्याचं नाव गळलं, हे आयोजकानंच मला हसत सांगितलं. मीही हसलो.

पुढं आमची दोस्ती जमली. बऱ्याच वर्षांनी त्याच्या दुकानात मॅच पाहताना मी म्हणालो, ‘‘काय भक्कम बचाव आहे, गोलच खात नाहीत.’’ इस्त्री न थांबवता तो म्हणाला, ‘‘गोल नको मोजू भाऊ. त्याहीच्या कीपरची जर्सी पाह्य, सारी मळली. तो एकटा वाचवून राहिला. अन् तो डिफेंडर सारखा लोळून राहिला, म्हंजे आंधी जागा सोडली होती त्यानं. जागेवर उभा असता त लोळा लागलं नसतं.’’ पुढच्या दोन मॅचमध्ये त्या संघाचं पितळ उघडं पडलं. मला मात्र तिथंच, त्या बाकड्यावर, माझी ती बातमी आठवली होती. तेवढ्यात त्यानं सहज विचारलं, ‘‘ते पेपरात कोनं लिवलं होतं रे, मालूम पडलं का कधी?’’

‘‘नाही बुवा,’’ मी म्हणालो, ‘‘मी तेव्हा चिखलदऱ्याला होतो.’’

‘‘जाऊ दे. नसन समजत त्याले खेळ,’’ म्हणत त्यानं माझ्यासाठी चहा सांगितला. मी तो प्यायलो. त्यानंतरही कितीदा अकोल्याला गेलो. जाताना बसमध्ये ठरवायचो, आज सांगून टाकू... आणि तसाच परत यायचो.

रफिकचा चाळिसावा दिवस झाल्यावर त्याच्या बायकोनं, भाभींनी, एक पिशवी हातात दिली. आत तीच जर्सी, कडक इस्त्री केलेली. ‘‘तुमीच ठेवा सुधीरभाऊ,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ते म्हनत, खेळ समजते त एका सुधीरलेच.’’

मी पिशवी घेतली. घ्यायला नको होती. जर्सी आता माझ्या टीव्हीसमोरच्या खुर्चीच्या पाठीवर आहे. बाहीवर काळ्या मातीचा एकच डाग आहे. त्या दिवसापासून मी मॅच लावलेली नाही.